सुरांना गोष्ट सांगता येते

संगीताला गोष्ट सांगता येत नाही, असे मानणे हे आज जाणकार रसिकतेचे लक्षण समजले जाते. गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते, सुरांत नसते. आणि जिला गोष्टीची कुबडी लागते ती रचना रचना म्हणून कच्चीच, हे मत पाश्चात्त्य संगीतसमीक्षेत गेली दीडशेहून अधिक वर्षे मुरलेले आहे. मराठी वाचकालाही ते परके वाटत नाही. रागसंगीतावर पोसलेला आपला कान शब्दाला दुय्यम मानायला शिकला आहे. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानेही संवाद, विरोध आणि समतोल या लयसंबंधांतच कलाकृतीचे सौंदर्य शोधण्याची सवय आपल्या समीक्षेला लावली. त्यामुळे वाद्यवृंदासाठी कथानिष्ठ रचना करणारा संगीतकार आपल्याकडेही चटकन दुसऱ्या रांगेत बसवला जातो. हे मत टिकणारे नाही, असे माझे म्हणणे आहे. मात्र ते उथळ मत नाही. त्यामागे कसलेल्या बुद्धीची माणसे उभी आहेत. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे.

या पक्षाचा मुख्य प्रवक्ता म्हणजे व्हिएन्नाचा समीक्षक एदुआर्द हान्सलिक. संगीतातल्या सौंदर्यावरचे त्याचे छोटेखानी पुस्तक १८५४ साली प्रसिद्ध झाले. त्याचा युक्तिवाद असा : प्रेम, शोक, आशा या भावना नुसत्या हेलकाव्यांनी ठरत नाहीत. कोणावर प्रेम, कशाचा शोक, कसली आशा, हे कळल्याशिवाय त्या भावनेला नावच देता येत नाही. हे 'कोण' आणि 'कशाचा' सांगण्याचे साधन सुरांपाशी नाही. तेव्हा संगीताचा आशय म्हणजे नादाच्या गतिमान आकृत्या, दुसरे काही नाही. भावनेचीच ही गत, तर प्रसंग, पात्रे आणि घटना सांगण्याची बात दूरच राहिली.

हान्सलिकने दिलेला दाखला फार नेमका आहे. ग्लुकच्या १७६२ सालच्या 'ऑर्फेओ' या ऑपेरात युरिडिसी दुसऱ्यांदा हरपल्यावर ऑर्फेओ एक गीत गातो. युरोप त्या गीतावर हळहळला. हान्सलिक विचारतो, याच चालीवर 'मला ती सापडली' अशा अर्थाचे शब्द बसवले तर काय बिघडेल? चाल तर मेजर स्वरसप्तकातली, प्रसन्न. शोक शब्दांत होता, चालीत नव्हता.

पुढे स्ट्राविन्स्कीने १९३०च्या दशकात आपल्या आत्मचरित्रात संगीत स्वभावतः काहीही व्यक्त करण्यास असमर्थ असते अशी टोकाची भूमिका घेतली. अलीकडच्या अभ्यासकांनी हा वाद अधिक सूक्ष्म केला. कॅरोलिन अ‍ॅबेट यांचा आक्षेप असा की कथनाला भूतकाळ लागतो. 'असे झाले' म्हणणारा कोणीतरी घटनेबाहेर उभा असावा लागतो. संगीत मात्र सदैव वर्तमानात घडते, मग त्यात निवेदक येणार कुठून? झाँ-झाक नातिए यांच्या मते सुरांची मांडणी ऐकणाऱ्याला गोष्ट रचायला उद्युक्त करते एवढेच; गोष्ट रचनेत नसून श्रोत्याच्या मनात असते.

शिवाय खुद्द संगीतकारांच्याच साक्षी या पक्षाच्या बाजूने काढल्या जातात. बेथोव्हेनने आपल्या सहाव्या, 'पास्टोरल' सिम्फनीबद्दल बजावले की तीत चित्रणापेक्षा भावनेची अभिव्यक्ती अधिक आहे. मालरने आपल्या पहिल्या सिम्फनीचे कथास्वरूप विवरण मागे घेतले. आणि ज्याला या परंपरेचा आद्य शिल्पकार मानतात त्या एक्तॉर बर्लिओझनेही 'सिम्फनी फँटास्टिक'ची कथा नंतर ऐच्छिक ठरवली. सिम्फनी एकटीच वाजणार असेल तर पत्रक वाटले नाही तरी चालेल, भागांची शीर्षके पुरेत, असे त्याने लिहून ठेवले.

हा झाला पूर्वपक्ष. आता उत्तरपक्ष.

पहिली गोष्ट, हान्सलिकने स्वतःच एक मोठी कबुली दिली आहे आणि त्याचे अनुयायी ती विसरतात. संगीत भावनेचे नाव सांगू शकत नाही, पण तिची गती दाखवू शकते, हे त्याला मान्य होते : वेग घेणे, मंदावणे, चढणे, ओसरणे, उफाळणे, विझणे. मला एवढे पुरे आहे. कारण गोष्ट म्हणजे तरी काय? पात्रांची नावे आणि गावांचे पत्ते म्हणजे गोष्ट नव्हे. ती माहिती झाली. एखादी ओळखीची गोष्ट एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते, वाटेत तिला कोणी अडवते, ती परतते तेव्हा पहिल्यासारखी राहिलेली नसते, हा कथेचा कणा आहे. तो पूर्णपणे गतीचा, क्रमाचा आणि स्मृतीचा मामला आहे. ज्या माध्यमाला गती दाखवता येते, क्रम बांधता येतो आणि ऐकणाऱ्याच्या स्मृतीत एखादी धून रुजवता येते, त्या माध्यमाला हा कणा उभारता येतो. पूर्वपक्षाची मूळ चूक ही की तो संगीताकडे माहिती मागतो, आणि ती मिळाली नाही की गोष्टच नाही असा निकाल देतो.

याच कसोटीवर ग्लुकचे गीत पुन्हा पाहू. हान्सलिकने उचलली ती त्या गीताची मुख्य ओळ. पण हे गीत पालुपदासारखे फिरून फिरून त्या ओळीवर येते आणि मधल्या जागांत काय होते? ऑर्फेओ युरिडिसीला हाक मारतो, तिच्याकडे उत्तर मागतो. चाल थबकते, लय सैल होते, हाकेनंतर जागा मोकळी राहते आणि ती मोकळीच राहते. मग पालुपद पुन्हा येते. 'मला ती सापडली' हे शब्द पहिल्या ओळीवर बसतील; या अनुत्तरित हाकांवर बसवून दाखवा. शोक त्या प्रसन्न चालीच्या पोटात शोधायला गेलात तर सापडणार नाही हे खरेच. तो चाल, हाक, रिकामी जागा आणि पुन्हा तीच चाल या क्रमात आहे. हान्सलिकने वाक्य उचलले आणि परिच्छेद सोडून दिला.

आता बर्लिओझकडे वळू, कारण पूर्वपक्षाचा सर्वांत कठीण आक्षेप त्याच्याच बाबतीत आहे. 'सिम्फनी फँटास्टिक' ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत प्रथम वाजली. एक तरुण कलावंत, त्याचे अनावर प्रेम, अफूच्या अमलात पडलेली स्वप्ने, प्रेयसीचा खून केल्याचा भास, स्वतःचा शिरच्छेद आणि शेवटी चेटकिणींचा मेळा अशी तिची पाच भागांची कथा. प्रेयसीसाठी एक लांबलचक धून आहे आणि ती पाचही भागांत येते. त्या वेड्या प्रेमामागे हॅरिएट स्मिथसन ही नटी होती. १८२७ साली पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात तिची ऑफेलिया पाहून बर्लिओझ झपाटला गेला होता.

आक्षेप असा की ही प्रेयसीची धून मुळात या कथेसाठी जन्मलेलीच नाही. १८२८ साली पारितोषिक स्पर्धेसाठी रचलेल्या 'एर्मिनी' या कँटाटातून ती घेतली आहे. तिथे ती वेगळ्याच नायिकेच्या मनोवस्थेशी जोडलेली होती. आणि चौथ्या भागातली 'वधस्थानाकडे कूच' तर 'ले फ्रांक-झ्यूज' या अपुऱ्या राहिलेल्या ऑपेरातली पहारेकऱ्यांची कूच! हस्तलिखितात जुन्याच पानांवर नवे शीर्षक चढवलेले दिसते. एकच संगीत दोन कथांना चालते, म्हणजे कथा वरून चिकटवलेली आहे, असा निष्कर्ष यावरून काढला जातो.

हे पुरावे खरे आहेत; निष्कर्ष मात्र उलटा निघतो. कूच सिम्फनीत आणताना बर्लिओझने काय भर घातली ते पाहा. शेवटाजवळ वाद्यवृंदाचा गदारोळ एकदम थांबतो आणि एकटी क्लॅरिनेट प्रेयसीच्या धुनेचा पहिला तुकडा अगदी हळू वाजवते. तिचे वाक्य पुरे होत नाही. साऱ्या वाद्यवृंदाचा एकच जबरदस्त घाव पडतो आणि धून मधोमध तुटते. त्यामागोमाग तंतुवाद्यांचे छेडलेले एकदोन सूर खाली उतरतात, मग ढोल आणि पितळी वाद्यांचा जल्लोष. मोजकी काही मापे आणि पहारेकऱ्यांच्या कुचीचा वध झाला. हे 'वरून चिकटवणे' असेल, तर त्या चिकटवलेल्या मापांनी आधीच्या सगळ्या कुचीचा अर्थ बदलला हे कसे? आणि ते का साधले? कारण ती धून श्रोत्याने पहिल्या भागात व्हायोलिन आणि फ्लूटवर सविस्तर ऐकली आहे, दुसऱ्या भागात नाचाच्या गर्दीत ओळखली आहे, तिसऱ्यात माळरानावर तिची चाहूल घेतली आहे. तीन भागांची ओळख नसती तर क्लॅरिनेटचा तुकडा तुटल्याचे कोणाला काय वाटले असते? साहित्य जुने आहे, कथा त्याच्या रचनेतून घडली. महाभारतातले आख्यान घेऊन नाटक लिहिणाऱ्याला आपण उसनवारीचा दोष देत नाही. आख्यानाचे त्याने काय केले ते पाहतो.

केवळ आकृतीच्या भाषेत बोलणारा समीक्षक इथे 'विरोध' म्हणेल : मंद आणि तीव्र, एकल आणि समूह. बरोबर आहे. पण त्या जागी नेमकी तीच धून का, दुसरी कोणतीही गोड धून का चालली नसती, याचे उत्तर लयसंबंधांत नाही. ते त्या धुनेच्या चरित्रात आहे. पुढल्या भागात याच चरित्राचा शेवट होतो. चेटकिणींच्या मेळ्यात ती धून येते ती उंच आवाजाच्या छोट्या क्लॅरिनेटवर, किंचाळत, मुरक्या घेत, थिल्लर नाचाच्या तालावर. सूर बहुतेक तेच, अब्रू गेलेली. ज्याला कार्यक्रमपत्रिका मिळालेली नाही त्यालाही एवढे कळते की ज्याची आपण पूजा केली ते इथे विटंबले गेले आहे. त्याला हॅरिएटचे नाव कळणार नाही, अफूही कळणार नाही. पण गोष्ट कळली.

आता भूतकाळाचा आक्षेप. त्याचे उत्तर याच सिम्फनीच्या तिसऱ्या भागात आहे, आणि मला ते जगातल्या उत्तम कथनांपैकी एक वाटते. भाग सुरू होतो तो दोन गुराख्यांच्या संवादाने. इंग्लिश हॉर्न एक तुकडा वाजवतो आणि रंगमंचाबाहेरून, लांबून, ओबो त्याला साद देतो. पुन्हा हाक, पुन्हा साद. मग माळावरचे सारे संगीत घडून जाते. शेवटी इंग्लिश हॉर्न पुन्हा तीच हाक देतो. ओबो येत नाही. चार वादक टिंपनीवर दूरच्या मेघांचा गडगडाट उठवतात. पुन्हा हाक, पुन्हा गडगडाट, आणि मग सगळे शांत.

संगीताला क्रियापदाचे काळ नाहीत हे मान्य. पण या शेवटच्या पानावर जे ऐकू येते ते सारे ऐकू न येणाऱ्या ओबोमुळे अर्थपूर्ण झाले आहे. 'पूर्वी कोणी उत्तर देत असे, आता देत नाही' हे विधान भूतकाळाशिवाय करता येत नाही, आणि ते इथे केले गेले आहे. काळ इथे श्रोत्याच्या स्मृतीत बांधला जातो. संगीतकार त्या स्मृतीचा हिशेब ठेवूनच लिहितो. नातिए म्हणतात तशी ही कामगिरी श्रोत्याच्या मनात होते, यात वाद नाही. कादंबरीही वाचकाच्या मनातच घडते. प्रश्न एवढाच की त्या मनाला वळण कोणी दिले.

निवेदकाचे काय? घटनेबाहेर उभा राहून तिच्यावर भाष्य करणारा आवाज संगीतात असू शकतो का? रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन किहोटे'ने (१८९८) याचे उत्तर दिले आहे. सर्व्हांतेसच्या कादंबरीत डॉन किहोटे आणि सांचो यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना लाकडी घोड्यावर बसवतात आणि आपण आकाशातून उडतो आहोत असे त्यांना भासवतात. स्ट्राउसच्या सातव्या आवर्तनात हा प्रसंग आहे. वरच्या वाद्यांत वारा घोंघावतो, हार्प उसळते, वारा काढण्याचे यंत्रसुद्धा आणले आहे. उड्डाण अगदी खरे वाटावे असे. पण तळाशी खर्जातला एकच सूर अखेरपर्यंत धरून ठेवला आहे. तो जागचा हलत नाही. घोड्याने जमीन सोडलेलीच नाही! वर पात्रांना काय वाटते ते आणि खाली प्रत्यक्षात काय आहे ते, दोन्ही एकाच क्षणी. कादंबरीकाराला यासाठी दोन वाक्ये लागतात. संगीताला निवेदक नसतो म्हणणाऱ्यांनी तो धरून ठेवलेला सूर कोणाचा आहे ते सांगावे.

या रचनेतली मेंढरांची बें-बें पितळी वाद्यांतून काढलेली आहे आणि लोकांना तीच अधिक लक्षात राहते. इथे पूर्वपक्षाला एक गोष्ट द्यायला हवी. नक्कल म्हणजे कथा नव्हे. कोकिळा, गडगडाट, मेंढरे, आगगाड्या यांचे आवाज हुबेहूब उतरवणे हा या परंपरेचा सर्वांत उथळ भाग आहे, आणि त्यावरच विसंबलेल्या रचना मागे पडल्या ते योग्यच झाले. बेथोव्हेनने बजावले ते याच नकलेविरुद्ध. त्याने क्रमाने घडणाऱ्या प्रसंगांना नकार दिला नव्हता; त्याच सिम्फनीत खेडुतांचा नाच वादळाने मोडतो, आणि वादळ ओसरल्यावर कृतज्ञतेचे गीत येते, तेही न थांबता एकातून एक. मालरने विवरण मागे घेतले तेव्हा सिम्फनीतल्या सुरांचे झगडे काही मिटले नाहीत. संगीतकार पत्रक मागे घेतो तेव्हा माहिती मागे घेतो. कथा स्वरलेखनात लिहिलेली असते, ती मागे घेता येत नाही.

पत्रकाची कुबडी लागते, या टोमण्याचेही उत्तर दिले पाहिजे. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्यांना हरिश्चंद्राचे आख्यान आधीपासून पाठ असते. शेवट काय होणार हे कळावे म्हणून कोणी जात नाही. कथा ठाऊक असल्यामुळेच कीर्तनकाराने कुठे थांबावे, काय लांबवावे, कोणता क्षण उजळावा याकडे त्यांचे ध्यान राहते. पत्रकातली कथा हेच काम करते. आणि निखळ संगीत तरी बाहेरच्या ज्ञानावाचून कळते असे कोणी समजू नये. सोनाटाच्या बांधणीत मूळ धून मूळ स्वरस्थानी परतल्याचा आनंद ज्याला ती बांधणी ठाऊक आहे त्यालाच पुरता मिळतो; रागाचे चलन न जाणणाऱ्याला वर्ज्य सुराचा चुकार स्पर्श कळत नाही. एका प्रकारचे पूर्वज्ञान शुद्ध आणि दुसरे मात्र कुबडी, हा भेद कशाच्या आधारावर?

इथवर खंडन झाले. मंडन करायचे तर कथा सांगणारी रचना करताना संगीतकार प्रत्यक्षात काय करतो ते पाहावे लागेल. पॉल द्युकाचे 'जादूगाराचा शिकाऊ चेला' (१८९७) हे त्याचे अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. पुढे १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया'ने त्यात मिकी माउस आणला आणि चित्राने संगीत झाकले गेले. पण रचना त्याआधीची आहे आणि स्वतःच्या पायावर उभी आहे. मूळ कथा गटेच्या १७९७ सालच्या कवितेत आहे. गुरू बाहेर गेल्यावर चेला मंत्र टाकून झाडूला पाणी भरायला लावतो, थांबवण्याचा मंत्र मात्र विसरतो, झाडूवर कुऱ्हाड घालतो, तर दोन झाडू उठून दुप्पट पाणी भरू लागतात. शेवटी गुरू येऊन सारे आवरतो.

कवितेत बोलतो तो चेला. त्याची फुशारकी, धांदल, विनवण्या यांनीच कविता भरली आहे. द्युकाने हे बोलणे जवळजवळ सोडून दिले आणि त्या कथेतली प्रक्रिया उचलली : सुरू होणारे, वाढत जाणारे, न थांबणारे, तोडल्यावर दुप्पट होणारे काहीतरी. प्रक्रिया सुरांत आणता येते, फुशारकी नाही. झाडूची धून 'बसून' या वाद्यांवर ठुमकत सुरू होते, एकेक वाद्यगट तिच्यात ओढला जातो, आवाज आणि पाणी एकाच मापाने चढत जातात. मग कुऱ्हाडीचे घाव आणि शांतता. रचना इथे संपली असती तरी आकृती म्हणून भागले असते. पण तळातून कॉन्ट्राबसूनचा एक जड सूर हलतो, अडखळतो, धून पुन्हा चालू लागते. आणि ती सावरते न सावरते तोच बास क्लॅरिनेट तीच धून घेऊन तिच्या मागे लागते. एकाची दोन झाली. एका आवाजामागून दुसऱ्याने तीच धून उचलणे हे पाश्चात्त्य संगीताचे शेकडो वर्षांचे जुने तंत्र आहे. द्युकाने ते अशा जागी ठेवले की तंत्र हीच घटना ठरली. शेवटी सुरुवातीचे मंद, मंतरलेले संगीत परत येते. आकृतीच्या दृष्टीने ते उपसंहार आहे, कथेच्या दृष्टीने घर पूर्ववत झाले आहे. दोन्ही विधाने एकाच पानाबद्दलची आहेत आणि एकमेकांना छेद देत नाहीत.

स्मेटानाने १८७४ मध्ये 'व्ल्तावा' लिहिताना असाच विवेक दाखवला. नदीला कथानक नसते, दिशा असते. दोन झऱ्यांसाठी आधी फ्लूट आणि मग क्लॅरिनेट, त्यांच्या संगमातून वाहती मुख्य धून, काठावरच्या शिकारीची शिंगे, लग्नघरचा पोल्का, चांदण्यातली रात्र, खडकांवरचा खळाळ. हा सारा प्रवास झाल्यावर मायनरमधली धून मेजरमध्ये उजळते आणि नदी प्रागला पोहोचते तिथे विशेह्राद किल्ल्याची धून गर्जते. ती धून या रचनेतली नाही, मालिकेतल्या आधीच्या रचनेतली आहे. नदी राष्ट्राच्या इतिहासाला भेटली हे सांगायला स्मेटानाने श्रोत्याच्या आठवणीखेरीज दुसरे काही वापरले नाही.

या सगळ्यावरून कथानिष्ठ रचनेची कसोटी ठरवता येते. आजवरची कसोटी 'पत्रक न वाचता गोष्ट ओळखता येते का?' ही आहे. ती टाकून द्यावी, कारण ती माहितीची परीक्षा आहे, संगीताची नाही. खरी कसोटी ही : कथा काढून घेतली तर रचनेतल्या कोणत्या निर्णयांचे कारण हरवते? ओबो का परतत नाही, खर्जातला सूर का हलत नाही, मेलेली धून दोन होऊन का उठते? अशा निर्णयांनी रचना भरलेली असेल तर कथा तिच्या हाडामांसात आहे. एकाही निर्णयाचे कारण हरवत नसेल, तर कथा खरोखरच वरून लावलेली आहे आणि मग पूर्वपक्षाने तिला खुशाल झोडपावे.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्यविचार द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. कला स्वायत्त असते आणि जीवनाशी बांधलेलीही असते. एका ध्रुवावर कायमचा मुक्काम करणाऱ्याला कलेचा निम्माच प्रदेश दिसतो. वाद्यवृंदासाठी गोष्ट रचणाऱ्या संगीतकाराला दोन्ही ध्रुवांची निष्ठा एकाच पानावर सांभाळावी लागते : सुरांचा आकार ढळता कामा नये आणि कथेचे पाऊल चुकता कामा नये. हे काम निखळ रचनेहून सोपे नाही. जे तरुण आज अशा रचनेला हात घालू पाहतात त्यांना कोणी कमीपणाची भीती घालू नये. त्यांनी गोष्ट निवडावी, ती निर्धास्तपणे पत्रकात छापावी, आणि तिच्यातली प्रत्येक घटना सुरांच्या निर्णयात उतरली आहे ना, एवढ्याच एका बाबतीत स्वतःशी कठोर राहावे.